वत्सलाबाई आणि दोन एकरांतला दोडका

वत्सलाबाईंच्या खानावळीत भाजीला नावं ठेवायची पूर्ण मोकळीक होती. अट एकच. ज्यानं ती भाजी पिकवली त्याच्या वावरात जाऊन, त्याच्या तोंडावर नावं ठेवायची.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रत्नागिरीची, जमिनीची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी लागून नुकतीच खामगावला आले होते. वत्सलाबाईंच्या घराला लागूनच मला खोली मिळाली होती आणि दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. पहिल्याच आठवड्यात मी सहज बोलून गेले, की आंबाडीची भाजी जरा जास्तच आंबट आहे.

"बरं," वत्सलाबाई म्हणाल्या. वाढता वाढता थांबल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "रईवारी सकाळी सात वाजता तयार राह्य. गजाननच्या वावरात जाऊ. त्याले सांग."

मला थट्टा वाटली. रविवारी सात वाजता दाराची कडी वाजली, तेव्हा त्या ऑटो घेऊन उभ्या होत्या. अर्ध्या तासानं मी एका अनोळखी शेतकऱ्यासमोर उभी राहून, नोकरीच्या मुलाखतीत घाबरले नव्हते इतकी घाबरून, "आंबाडी थोडी आंबट वाटली" असं पुटपुटत होते. गजाननभाऊंनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. मला बांधावर नेऊन लाल देठाची आणि हिरव्या देठाची आंबाडी वेगवेगळी दाखवली, दोन्हींची पानं चावायला लावली आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता कवळीच खुडून देत जाईन." परत येताना माझ्या मांडीवर आंबाडीची भलीमोठी जुडी होती. पुढच्या आठवड्यात भाजी तितकीच आंबट लागली, पण आता ती गजाननभाऊंची भाजी होती आणि मी ती दोनदा मागून घेतली.

वत्सलाबाई तेव्हा साठीच्या जवळ आल्या असतील. उंच, काटक, केस जवळजवळ पांढरे, पदर कमरेला घट्ट खोचलेला. चालणं असं, की त्यांच्याबरोबर बाजारात जाणाऱ्याला अर्धं धावावंच लागे. वांगं हातात घेतलं की आधी उलटं करून देठ बघायच्या, मग अंगठ्यानं हलकेच दाबायच्या. मिरची चावून पाहायच्या आणि "काल पानी देल्लं यानं, अजून पानचट लागून राह्यली" असं सांगायच्या. मी एकदा मुद्दाम त्या शेतकऱ्याला विचारलं. पाणी खरंच आदल्या दिवशी दिलं होतं.

जेवणघराच्या दारात एक जुनी शाळकरी पाटी टांगलेली असे. तिच्यावर रोज सकाळी त्या खडूनं लिहायच्या: वांगे, निर्मला. बरबटी (म्हणजे चवळीच्या शेंगा), गजानन. ताक, शेषराव. हॉटेलात पदार्थांची यादी असते तशी ही माणसांची यादी. कॉलेजची पोरं तिचा फोटो काढून खानावळीच्या ग्रुपवर टाकायची. आणि वत्सलाबाईंच्या तोंडी भाज्यांची नावं जाऊन शेतकऱ्यांचीच बसली होती. स्वयंपाकघरातून त्या सुनेला हाका मारून सांगत, "गजाननले मीठ कमी पडलं वं," किंवा "निर्मला आज शिजूनच नाही राह्यली." एकदा सरकारी रुग्णालयात नव्यानं आलेली एक नर्स जेवायला बसली होती. आतून आवाज आला, "शेषराव आंबट झाला, त्याची कढी करून टाक." ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

त्यांच्याकडे वैशाखात फुलकोबी मिळत नसे आणि पावसाळ्यात वाटाणा. कुणी मागितलाच तर त्या विचारायच्या, "या दिवसात कोनाच्या वावरात हाये? नाही न? मंग माह्या ताटात कुठून येईन?" उन्हाळ्यात भाज्या आटल्या की मुगाच्या वड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, झुणका आणि ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या. मटर-पनीरसाठी पोरांनी एकदा सह्यांचा अर्ज केला. त्यांनी तो नीट वाचला आणि खाली लिहिलं, "पनीर कोनाच्या घरचं ते सांगा. मंग करू."

रागावलेल्या त्या मी क्वचितच पाहिल्या. एकदा त्यांच्या नेहमीच्या एका शेतकऱ्यानं आपले टमाटे संपले म्हणून मोठ्या मंडीतून कॅरेट उचलून आपल्याच टोपल्यात घालून आणून दिलं. वत्सलाबाईंनी एक टमाटा हातात घेतला, वास घेतला, परत ठेवला. त्या दिवशी पाटीवर लिहिलं: टमाटे, माहीत नाही. बस, एवढंच. पाटीचा फोटो नेहमीसारखा ग्रुपवर गेला आणि तो शेतकरीही त्याच ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकामं टोपलं घेऊन दारात आला.

"मावशी, दोन दिवस टमाटे नाहीत माह्याकडे," तो म्हणाला.

"नाही त नाही," त्या म्हणाल्या. "चहा पेतं का?"

हे सगळं त्या का करतात, हे मी एकदाच विचारलं. दुपारची पंगत उठली होती, आम्ही दोघी ओट्यावर सांभार निवडत बसलो होतो. तिकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे कळायलाही मला महिना लागला होता. त्या म्हणाल्या, "माह्या सासऱ्याचं वावर होतं. भावाभावात वाटन्या झाल्या, मंग ज्यानं त्यानं आपापला तुकडा इकला. आमच्या ह्याइनंही इकला. त्याइले कापसाच्या जिनिंगात काम भेटलं, मी डबे करू लागली. कमी काहीच पडलं नाही, खोटं काऊन बोलू. पन वावर गेलं की मानूस पाव्हना होते. जिथं जाईन तिथं पाव्हना." मग हातातली जुडी झटकून म्हणाल्या, "तू मोजनीवाली. तुले कागदावर दिसते कोनाचं किती. मले ताटात दिसते."

मिलिंदची गोष्ट त्यानंतरच्या पावसाळ्यातली.

मिलिंद पस्तिशीचा, शांत, हसताना मान खाली घालणारा माणूस. खामगावापासून सात-आठ किलोमीटरवर त्याचं दोन एकर वावर. निम्म्यात कपाशी, उरलेल्यात दोडक्याचा मांडव. विहिरीत चुलत्याचा अर्धा वाटा. आठवड्यातून एकदा तो वत्सलाबाईंकडे टोपलंभर दोडके आणून टाकायचा, "जयभीम मावशी" म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. भादव्यातल्या एका सकाळी चहा संपवून तो म्हणाला, "मावशी, दिवाळीनंतर दोडक्यासाठी दुसरा मानूस पाह्यजा."

वत्सलाबाई पोहे परतत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. "काऊन?"

"साळा हाये पुन्याकडं कंपनीत. लावून देतो म्हनते. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देऊन टाकतो."

"कोनाचं काही देनं झालं का?"

"नाही नाही. तसं काही नाही." तो नेहमीसारखा मान खाली घालून हसला. "पन दोन कॅरेट दोडके घेऊन मंडीत गेलो त अडत्या मान वर करून पाह्यत नाही. पोते आन म्हनते. दोन एकरात पोते कुठून आनू? घरचं अर्धं बैलाले घालून राह्यलो."

वत्सलाबाईंनी त्याचं रिकामं टोपलं उचलून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "जितका दोडका निंघन तितका माह्याकडे आन. दिवाळीपावतर पाहू काय होते ते."

आणि त्या दिवसापासून आम्ही दोडका खाल्ला. चण्याची डाळ घालून दोडका, भरलेला दोडका, वरणात दोडका, दोडक्याची भजी, दोडक्याचं थालीपीठ, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, भाजलेला दोडका ठेचून त्यावर लसूण. पाटीवर खडूनं रोज एकच नाव: मिलिंद. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात पोरं ताटाकडे न बघता जेवू लागली. तिसऱ्या आठवड्यात गावंडेसाहेबांनी बंड केलं. गावंडेसाहेब बँकेत रोखपाल. घर अकोल्याला, म्हणून कित्येक वर्षं इथंच जेवणारे, देहानं भरभक्कम आणि भाकरीच्या बाबतीत चोखंदळ. त्यांनी ताट सारलं आणि हात जोडले.

"बाई, मी मानूस आहो. मांडव नाही."

"रईवारी सात वाजता," वत्सलाबाई म्हणाल्या.

"येतो. एकटा नाही, सगळ्याइले घेऊन येतो."

रविवारी दोन ऑटोंत कोंबून आम्ही नऊजण निघालो. गावंडेसाहेब वाटभर आपलं भाषण घोकत होते. त्यात 'सहनशक्ती' हा शब्द दोनदा आला. मिलिंदला आम्ही कशाला आलो याची कल्पना नव्हती. एवढी माणसं पाहून त्याला आनंदच झाला. त्यानं निंबाखाली ताडपत्री अंथरली, त्याची बायको संगीता चहा ठेवायला गेली आणि तो आम्हाला मांडव दाखवायला घेऊन निघाला. मांडव त्याच्या उंचीचा होता, गावंडेसाहेबांच्या नव्हता. वाकून चालताना दर दोन पावलांवर एक दोडका त्यांच्या डोक्यावर आपटत होता. प्रत्येक वेल सुतळीनं वेगळा बांधलेला, खाली एक काडी गवत नाही.

"साहेब, सांगा न," मिलिंद म्हणाला. "मावशी आत्ताच म्हने, तुमचं काही म्हननं हाये."

गावंडेसाहेबांनी डोक्यावरचा दोडका हातानं बाजूला केला. "वेल लय निगुतीनं बांधले तुमी," ते म्हणाले.

"ते नोको सांगू," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "दोडक्याचं सांग."

साहेबांनी घसा साफ केला. घोकलेलं सगळं विसरले असावेत. "म्हनजे असं, की नुसता दोडकाच काऊन? थोडे वांगे लावा, थोडी मेथी लावा, थोडा पालक. थोडं थोडं सगळं."

मिलिंद हसला, पण या वेळी मान खाली घातली नाही. "थोडं थोडं लावून नेऊ कुठी, साहेब? थोड्याले बाजारात कोनी इचारते का?"

चहा आला. संगीतानं कप वाटता वाटता, कुणाकडे न बघता म्हटलं, "ह्याइचं पुन्याले जायचं ठरलं. मले कोनी इचारलं नाही. मले त वावरातच राह्यचं हाये."

वत्सलाबाई चपला काढून बांधावर बसल्या. "माह्याकडे रोज चाळीस ताटं उठतात," त्या म्हणाल्या. "त्याले एक टोपलं वांगे लागतात, अर्धं टोपलं शेंगा, चार जुड्या भाजी, मूठभर मिरच्या. पोतं मले कधीच लागलं नाही. मले थोडंच लागते. पन रोज लागते."

"तुमच्या एकट्या चाळीस ताटावर माहं घर कसं चालन, मावशी?" मिलिंद म्हणाला.

ते खरंच होतं आणि वत्सलाबाईंना ते लगेच पटलं. परतीच्या वाटेवर त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. गावंडेसाहेबांच्या मांडीवर दोडक्याची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वाढपाचं काम सुनेवर सोपवलं आणि मला म्हणाल्या, "चाल, जेवाले जाऊ." खानावळवालीनं जेवायला बाहेर जाणं म्हणजे काय, ते मला कळेना. त्या बस स्टँडजवळच्या रहीमभाईंच्या खानावळीकडे निघाल्या. रहीमभाई आणि वत्सलाबाई यांच्यात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. रहीमभाईंनी आपल्या दुकानाच्या पाटीवर 'घरगुती जेवण' असं रंगवलं, तेव्हा वत्सलाबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, की घर कोणाचं ते लिहायचं राहिलं. मला सोबत का नेलं, तेही त्यांनी सांगितलं: "एकटी गेली त भांडाले आली वाटीन."

त्या शेवटच्या बाकावर बसल्या आणि पूर्ण ताट जेवल्या. रहीमभाई गल्ल्यावरून बघत होते. टोपी नीट करत होते, परत बघत होते. शेवटी राहवलं नाही तेव्हा उठून आले.

"कसं वाटलं, बाई?"

"दाल अव्वल हाये, रहीमभाई. माह्याकडे अशी होत नाही. वांगं मात्र चार दिवसाचं हाये."

रहीमभाई खुर्ची ओढून समोर बसले. "चार नाही, पाच दिवसाचं. आजच बायकोही तेच म्हने." आणि दोघं हसले. इतक्या वर्षांचं भांडण माझ्यासमोर त्या एका वांग्यावर संपलं.

मग वत्सलाबाईंनी मिलिंदचं सांगितलं आणि रोजचा थोडा थोडा माल रहीमभाईंनीही त्याच्यासारख्यांच्या वावरातूनच घ्यावा, असं सुचवलं. रहीमभाईंनी सगळं ऐकून मान हलवली. "बात सही हाये. पन माहा सवाल एकच. समजा एक दिवस वावरातून माल नाही आला, त गिऱ्हाइकाले मी काय देऊ?"

"त्या दिवशी माह्याकडून नेजा," वत्सलाबाई म्हणाल्या. "आन माह्याकडे नसन त मी तुमच्याकडून आनीन."

रहीमभाई बराच वेळ टेबल पुसत बसले, टेबल स्वच्छच होतं. "और दोघांकडे नसन त?"

"त मंग दोघंही पिठलं करू."

आठ दिवसांनी वत्सलाबाईंच्या अंगणात गावातले पाच खानावळवाले बसले होते. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही माणसं आधी जरा अवघडून बसली. मग कुणाची भाकरी चांगली, कुणाचं वरण पाणचट यावर मनसोक्त भांडली आणि त्यानंतरच कामाचं बोलणं निघालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वत्सलाबाईंनी आपल्या गोलगोल अक्षरात लिहिलं, कोणाकडे कोणत्या दिवशी कोणाच्या वावरातून काय. निर्मलाबाई, गजाननभाऊ, शेषराव, मिलिंद आणि आणखी तिघंचौघं, सगळे दोन-तीन एकरवाले. पुढच्या रविवारी मी मिलिंदच्या वावरात टेप घेऊन गेले आणि दोडक्याखालच्या रानाचे पट्टे पाडून दिले. एक पट्टा मेथीचा, एक वांग्याचा, एक पालकाचा, एक सांभाराचा. सरकारी मोजणीत दोन शेजाऱ्यांमधली हद्द आखायची असते आणि तिथं बहुतेक कुणीतरी चिडलेलं असतं. इथं संगीता टेपचं दुसरं टोक धरून पट्ट्यागणिक काय लावायचं ते मोठ्यानं सांगत होती आणि मिलिंद खुंट्या ठोकत होता.

"होळीपावतर करून पाहतो," तो म्हणाला. "मंग ठरवतो."

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाचांतल्या एकानं पंधरा दिवसांत अंग काढून घेतलं. पौषात अवकाळी पावसाबरोबर गारा पडल्या आणि तीन दिवस एकाही वावरातून काही आलं नाही. रहीमभाई सकाळीच छत्री घेऊन वत्सलाबाईंच्या दारात उभे. "बाई, माल?"

"नाही. तुमच्याकडे?"

"नाही."

त्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं: गारपीट झाली. पिठलं. कुणी कुरकुर केली नाही. गावंडेसाहेबांनी तर तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि जेवण झाल्यावर फोन काढून कोपऱ्यात जाऊन मिलिंदला विचारलं, वांग्याची रोपं कितपत वाचली. वत्सलाबाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

होळी झाली. रंगपंचमी झाली. मिलिंद जाण्याचं काही बोलला नाही आणि वत्सलाबाईंनीही विचारलं नाही. चैत्रात त्याच्या पट्ट्यांत काकडी आणि गवार उगवून आली. आता माल घेऊन संगीता सकाळच्या बसनं यायची. चार टोपली, चार ठिकाणी. पुण्याकडचा तो साळा, म्हणजे संगीताचा भाऊ, उन्हाळ्यात सुटीवर आला होता, तोही तिच्याबरोबर एकदा खानावळीत जेवून गेला. जाताना वत्सलाबाईंना म्हणाला, की कंपनीच्या कँटीनमध्ये असं जेवण मिळत नाही. त्या म्हणाल्या, "मंग तू ये इकडं."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली लोणारकडे झाली. आता माझं जेवण मीच करते, जवळच्या बीबी गावच्या बाजारात भाजी घेताना विकणाऱ्या बाईचं नाव विचारते आणि ती बाई संशयानं बघते. वत्सलाबाईंशी फोनवर बोलणं होतं, पण त्यांना फोनवर बोलता येत नाही. दोन वाक्यं झाली की "बरं, ठेवतो" म्हणून त्या ठेवून देतात.

गेल्या थंडीत कामासाठी खामगावला गेले होते. खानावळ सून चालवत होती. वत्सलाबाई कुठं आहेत विचारलं तर ती हसायलाच लागली. "मिलिंदच्या वावराकडं गेल्या. जाऊन पाह्या, सांगून पटायचं नाही."

मिलिंदच्या गावाकडच्या गाडीरस्त्यावर मी ऑटोतून उतरले, तर समोरून एक निळी बॅटरीवरची स्कूटी येत होती. गुडघे दुखतात, बसची पायरी चढवत नाही, म्हणून वत्सलाबाई साठीनंतर स्कूटी शिकल्या होत्या. शिकवणारी संगीता पाठीमागे बसली होती, दोन्ही हातांनी मेथीच्या जुड्यांचं टोपलं सांभाळत. वत्सलाबाईंचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, नजर समोरच्या चाकोरीवर अशी खिळलेली, की जणू त्या चाकोरीनं काही आगळीक केली असती तर तिला जाब विचारला असता. मी हात वर केला. त्यांनी मला पाहिलं. हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांच्या तोंडावर हसू आलं. पण थांबायचं कसं ते बहुधा अजून शिकायचं राहिलं होतं.

"मोजनीवाली," त्या जाता जाता ओरडल्या, "जेवून जा."

आणि हॉर्न वाजवत, वावरातल्या बगळ्यांना उडवत, त्या खामगावच्या रस्त्याला लागल्या.